एक्सजे६ की डब्ल्यू१२६: चाळीस वर्षांची आलिशान गाडी सांभाळणाऱ्यांना प्रश्न

लेस्टरवासी

सप्रेम नमस्कार.

गेली अकरा वर्षे मी लेस्टरमध्ये राहतो आहे. मागच्या वर्षी घेतलेल्या घरासोबत एक बंदिस्त आणि कोरडे गॅरेज मिळाले, आणि विद्यार्थिदशेपासून दाबून ठेवलेली जुन्या आलिशान गाडीची हौस पुन्हा डोके वर काढू लागली. चार महिने जाहिराती चाळून आता दोन गाड्यांवर येऊन थांबलो आहे. पहिली १९८३ सालची जॅग्वार एक्सजे६, म्हणजे तिसऱ्या मालिकेतील, ४.२ लिटर इंजिनाची. दुसरी १९८४ सालची मर्सिडीज २८० एसई, म्हणजे डब्ल्यू१२६ पिढीतील एस-क्लास. दोन्ही गाड्यांनी चाळिशी ओलांडलेली असल्यामुळे ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद केल्यास रस्ताकर माफ होतो, गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती राहत नाही आणि लंडनच्या अतिअल्प उत्सर्जन क्षेत्रातही शुल्क न भरता जाता येते. कागदोपत्री दोघी सारख्याच आहेत; अडचण गाडीत बसल्यावर सुरू होते.

जॅग्वारच्या मागच्या आसनावर बसून मी एका खराब रस्त्याने फेरी मारली, तेव्हा चाकाखाली खड्डा आल्याचे मला कानांनी कळले, पाठीला कळलेच नाही. मर्सिडीजचे दार लावले तर आजोळच्या गोदरेज कपाटाचे दार लागल्यासारखा भरीव आवाज आला आणि तेवढ्यावरच मन अर्धे तिकडे गेले. परंतु अर्ध्या तासाच्या फेरीत मन जाणे वेगळे आणि दहा वर्षे गाडी पदरी बाळगणे वेगळे. वर्षाला पाच हजार किलोमीटर, बहुतेक शनिवार-रविवारी, एवढाच वापर होईल. किरकोळ कामे स्वतः करण्याची तयारी आहे, पण अनुभव फारसा नाही. सुटे भाग, मजुरी, गंज आणि हिवाळा यांबाबत प्रत्यक्ष मालकांचे म्हणणे ऐकायचे आहे.

जाता जाता एक कबुलीही देतो. तेवढ्याच किमतीत एक रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोही दिसते आहे. ती घेऊ नका असे कोणीतरी मला ठामपणे सांगावे.

बर्मिंगहॅमकर

नमस्कार. माझ्याकडे १९८४ सालची तिसऱ्या मालिकेतील एक्सजे६ चौदा वर्षांपासून आहे आणि तिच्याआधी सहा वर्षे डब्ल्यू१२३ ही मर्सिडीज होती. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. माझे पोट दोन्हीकडे भरले, खिसा तेवढा रिकामा झाला.

आपल्या शेवटच्या विनंतीपासून सुरुवात करतो. सिल्व्हर शॅडो घेऊ नका. गाडी वाईट आहे म्हणून नव्हे, तर तिची किंमत उतरली असली तरी तिचा खर्च उतरलेला नाही म्हणून. १९६५ साली आलेल्या त्या गाडीचे ब्रेक आणि मागची उंची कायम राखणारी यंत्रणा उच्च दाबाच्या द्रवावर चालते आणि त्या यंत्रणेचे तंत्र सित्रोएनकडून परवान्याने घेतलेले होते. ती नीट सांभाळलेली असेल तर अप्रतिम चालते. नसेल तर तिच्या एका दुरुस्तीच्या बिलात एक्सजे६चे दोन हिवाळे निघतात. स्वस्त रोल्स-रॉइस ही जगातील सर्वांत महाग गाडी असते, हा इथल्या क्लबांमधला जुना विनोद मुळीच विनोद नाही.

आता मुख्य विषय. गाडी पाहताना बहुतेकांचे लक्ष इंजिनाकडे जाते, पण चाळीस वर्षांच्या गाडीत पैसा खातो तो पत्रा. एक्सजे६चे एक्सके इंजिन १९४८ साली एक्सके१२० या स्पोर्ट्स गाडीतून प्रथम लोकांसमोर आले. आपण पाहिलेली गाडी बनेपर्यंत त्या रचनेला पस्तीस वर्षांचा सराव झालेला होता. ते जमिनीवर ऑइलचे डाग सोडते असा त्याच्यावर आरोप आहे आणि तो खरा आहे, कारण क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला दोरीच्या जातीचे सील असते आणि ते बदलायचे तर इंजिन उतरवावे लागते. माझ्यासकट बहुतेक मालक खाली पुठ्ठा पसरतात आणि गप्प बसतात. खरे पथ्य शीतद्रवाचे आहे. हेड ॲल्युमिनियमचे, ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड आवळणारे लांब स्टड पाण्याच्या पोकळीतून जाणारे. अशा रचनेत आधीच्या मालकाने नुसते नळाचे पाणी भरून दिवस काढले असतील तर ते स्टड आतल्या आत कुरतडले जातात. मी दर दोन वर्षांनी शीतद्रव बदलतो आणि तारीख बॉनेटच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवतो.

गंजाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिने मला पोळले आहे. आताच्या गाडीच्या आधीची, माझी पहिली एक्सजे६ मी रंग पाहून घेतली होती. गडद हिरवा रंग आरशासारखा चमकत होता आणि विकणारा गृहस्थ चहा पाजून गोड बोलत होता. घरी आणल्यावर तिसऱ्या आठवड्यात जॅक लावण्यासाठी खाली वाकलो आणि दाराखालच्या पट्टीवर, जिला इथे सिल म्हणतात, पेचकसाची मूठ सहज टेकवली. ठक्क असा आवाज येण्याऐवजी पापडाखाली बोट दाबल्यासारखे झाले आणि पेचकस दोन इंच आत गेला. आत पत्रा नव्हताच. होती ती पुट्टी, तिच्याखाली वर्तमानपत्राचे बोळे, आणि त्या बोळ्यांवरची तारीख गाडीला शेवटचे प्रमाणपत्र मिळण्याच्या महिनाभर आधीची होती. ती गाडी मी शेवटी सुट्या भागांसाठी विकली. तेव्हापासून गाडी पाहायला जाताना रुमालात गुंडाळलेले एक लहान चुंबक माझ्या खिशात असते. सिलवर, मागच्या चाकांच्या कमानींवर, समोरच्या दिव्यांभोवती आणि काचेच्या खालच्या कडेवर ते फिरवावे. जिथे ते सुटून पडेल तिथे पत्रा संपला आणि पुट्टी सुरू झाली. गाडीखाली गेल्यावर समोरचे आडवे क्रॉसमेंबर आणि मागच्या चाकांच्या दांड्या जिथे तळाला जोडलेल्या असतात ती जागा चाचपून पाहावी.

एक्सजे६ला मागच्या दोन्ही मडगार्डांत एकेक अशा पेट्रोलच्या दोन टाक्या आहेत आणि डॅशबोर्डवरचे बटण दाबून एकीवरून दुसरीवर जाता येते. झाकणाभोवतीच्या खोबणीत साचलेले पावसाचे पाणी एका बारीक नळीने खाली निघून जाते. ती नळी पाचोळ्याने तुंबली की पाणी तिथेच मुरते आणि टाकी गंजू लागते. ऑक्टोबरमध्ये पाने गळू लागली की मी त्या नळीत सायकलच्या ब्रेकची जुनी तार घालून दोन्ही बाजू मोकळ्या करतो. काम पाच मिनिटांचे आहे, न केल्यास टाकी बदलावी लागते.

आपण अनुभवलेल्या मऊपणाचे एक कारण मागच्या बाजूला दडलेले आहे. मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नसून आत, दोन चाकांच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलला लागून बसवलेले आहेत. त्यामुळे चाकांबरोबर वर-खाली होणारे वजन घटते आणि खड्डा पाठीपर्यंत पोहोचत नाही. याची किंमत अशी की डिस्क बदलायच्या म्हटल्या की बहुधा मागचा संपूर्ण सांगाडा खाली उतरवावा लागतो. डिस्क स्वस्त असतात आणि मजुरी महाग, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून त्या अलीकडे बदललेल्या असल्याचे बिल असेल तर त्या गाडीला मी मनातल्या मनात बरेच झुकते माप देतो.

सुट्या भागांच्या बाबतीत ब्रिटनमध्ये जॅग्वारचा मालक सुखी आहे. रबरी बुशांपासून समोरच्या संपूर्ण मडगार्डपर्यंत बहुतेक वस्तू आठवड्याभरात दारात येतात आणि किमतीही सामान्य माणसाच्या आवाक्यातल्या असतात. मात्र नव्याने बनवलेल्या प्रत्येक भागाचा दर्जा सारखा नसतो. एकदा आलेला रबरी होज वर्षभरात चिरला, म्हणून आता स्वस्तातला भाग घेण्याआधी क्लबातल्या जाणत्यांना विचारतो.

सालाबद्दल एक सूचना आहे. जॅग्वार ज्या मोटार समूहाचा भाग होती त्या ब्रिटिश लेलँडच्या काळात तिच्या गुणवत्तेची रया गेली होती हे जगजाहीर आहे. १९८० साली जॉन ईगन अध्यक्ष झाले आणि बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांच्या पुरवठादारांना त्यांनी वठणीवर आणले. त्यामुळे १९८३ची गाडी ही तिसऱ्या मालिकेच्या चांगल्या अर्ध्या भागातली आहे.

श्टुटगार्टहून

नमस्कार. बर्मिंगहॅमकर साहेबांचे लेखन आवडले, परंतु काही ठिकाणी त्यांचे प्रेम बोलते आहे असे वाटले, म्हणून दुसरी बाजू मांडते. मी श्टुटगार्टजवळ राहते आणि माझ्याकडे १९८२ सालची २८० एसई आठ वर्षांपासून आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. जर्मन गाडी म्हणजे शिस्त आणि ब्रिटिश गाडी म्हणजे लहर, अशी विभागणी या दोन गाड्यांना लागू पडत नाही. दोन्ही इंजिने सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरांची आणि वर दोन कॅमशाफ्ट असलेली आहेत. तिसऱ्या मालिकेच्या एक्सजे६मधील इंधन अंतःक्षेपणाची यंत्रणा ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या नावाने येत असली तरी तिचे मूळ बॉश या जर्मन कंपनीच्या एल-जेट्रॉनिकमध्ये आहे. आपण जॅग्वार घेतली तरी श्वास घेताना ती थोडी जर्मनच असणार.

फरक आहे तो बिघाडाच्या रीतीत. जॅग्वार लहान लहान गोष्टींसाठी सतत लक्ष मागते, हे साहेबांच्या तारेच्या आणि पुठ्ठ्याच्या हकिकतीवरून दिसतेच. डब्ल्यू१२६ तीन वर्षे काहीही मागत नाही आणि चौथ्या वर्षी एकदम मोठे बिल पुढे करते. २८० एसईमध्ये बॉशची के-जेट्रॉनिक यंत्रणा आहे. तिच्यात विद्युत मेंदू इंधन मोजत नाही. आत येणारी हवा एक गोल पाते उचलते आणि त्या पात्याने सरकणारा दट्ट्या प्रत्येक सिलिंडरला किती पेट्रोल जायचे ते ठरवतो. रचना इतकी सुरेख आहे की पहिल्यांदा उघडून पाहिली तेव्हा मी घड्याळ पाहावे तशी पाहत राहिले. पण गाडी वर्षभर जुन्या पेट्रोलवर उभी राहिली की हाच दट्ट्या चिकटतो, आणि तो ज्या डिस्ट्रिब्युटरमध्ये बसतो त्याची पुनर्बांधणी स्वस्त नाही. दाब मोजण्याचे गेज आणि ते वापरणारा माणूस नसेल तर अंदाजाने केलेली प्रत्येक छेडछाड पुढचा बिघाड तयार करते. म्हणून ही गाडी पाहताना दोन वेळा चालू करून पाहा: एकदा इंजिन पूर्ण थंड असताना आणि एकदा, चांगली फेरी मारून बंद केल्यावर, अर्ध्या तासाने. दुसऱ्या वेळी स्टार्टर बराच वेळ फिरत राहिला तर इंधनाचा दाब टिकत नाही असे समजावे.

गंज इकडेही आहे, फक्त लाजाळू आहे. डब्ल्यू१२६च्या दोन्ही बाजूंना खाली प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या असतात. १९८५ पूर्वीच्या गाड्यांत त्या रेघारेघांच्या असतात. त्यांच्यामागे माती आणि मिठाचे पाणी अडकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मी माझ्या गाडीच्या पट्ट्या पहिल्यांदा काढल्या तेव्हा मागून मूठभर ओली माती पडली आणि तिच्याखाली जॅक लावण्याच्या जागेभोवती पाच मार्कांच्या जुन्या नाण्याएवढे भोक होते. मागच्या काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांत रंगाखाली बुडबुडे आलेले दिसले तर जपून राहा. काच काढल्याशिवाय ते काम होत नाही. साहेबांचे चुंबक या पट्ट्यांवर निरुपयोगी आहे. पट्टी काढून दाखवण्याची विनंती करा आणि विक्रेत्याचा चेहरा पाहा.

सुट्या भागांबाबत माझे समाधान वेगळ्या प्रकारचे आहे. कंपनीचे क्लासिक सेंटर १९९३ पासून फेलबाख येथे आहे आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या भागाचा क्रमांक सांगितला तर अनेकदा तोच भाग, त्याच मापाचा, हातात पडतो. किंमत ऐकून क्षणभर बसावे लागते, पण तो भाग घासावा, कापावा किंवा वाकवावा लागत नाही. आतल्या बाजूचे लाकूड आणि आसनांचे कापड यांच्याबाबत मात्र आता हेही सोपे राहिलेले नाही.

आसनांवरून आठवले. आपण फक्त मागे बसलात; एकदा तीन तास पुढे बसून पाहा. या गाडीच्या आसनात स्प्रिंगा आणि त्यांच्यावर घोड्याच्या केसांचे जाड थर आहेत. पहिली दहा मिनिटे ते बाकासारखे कडक वाटते आणि सहाशे किलोमीटरनंतर उतरताना कंबर जागेवर असते. एक्सजे६चा सोफा पहिल्या दहा मिनिटांत जिंकतो. शिवाय माझी उंची पाच फूट तीन इंच असून मला चारही कोपरे दिसतात. जॅग्वारच्या लांब, उतरत्या बॉनेटमागे बसून ती गल्लीत वळवणे मला अवघड गेले होते.

इथे तीस वर्षांवरील, मूळ स्वरूपात आणि चांगल्या स्थितीत असलेल्या गाडीला एच पाटी मिळते आणि वर्षाचा कर सरसकट १९१ युरो ७३ सेंट पडतो, पण दर दोन वर्षांची तपासणी कुणालाच चुकत नाही. आपल्याकडची एमओटीची माफी वापरू नका, असे मी आग्रहाने सांगेन. दुसऱ्या माणसाने वर्षातून एकदा गाडीखाली दिवा धरणे हे त्या शुल्कापेक्षा स्वस्त आहे.

पुणेकर १२४

दोघांनीही उत्तम लिहिले आहे, त्यामुळे मी थोडक्यात लिहितो. मी पुण्यात १९९६ सालची ई२२० चालवतो. डब्ल्यू१२४ या पिढीची ही गाडी १९९५ पासून पिंपरीला, त्या वेळच्या टेल्कोच्या आवारात जोडली जात होती, आणि त्याच टेल्कोच्या वारसदार टाटा मोटर्सने २००८ साली जॅग्वार विकत घेतली, हा योगायोग इकडच्या मिस्त्रींच्या गप्पांत हमखास निघतो.

माझ्या मते प्रश्न ब्रिटिश की जर्मन हा नसून आपल्या घरापासून दहा मैलांच्या आत त्या गाडीचा हात असलेला माणूस आहे की नाही, हा आहे. पुण्यात डब्ल्यू१२४ ओळखणारे वयस्कर मिस्त्री अजून सापडतात. इंजिनाच्या वायरिंगवरचे आवरण उष्णतेने भुगा होते हा नव्वदीच्या पूर्वार्धातील या गाड्यांचा प्रसिद्ध दोष ते बॉनेट उघडताच बोटाने चाचपतात. एक्सजे६ पुण्यात असती तर तिला इंची पाने असलेला मिस्त्री शोधण्यातच वर्ष गेले असते. आपण लेस्टरला आहात आणि जॅग्वारचे मूळ गाव कॉव्हेंट्री तुमच्या शेजारी आहे, एवढे ध्यानात घ्या.

एखाद्या दिवशी गाडी भारतात नेण्याचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. व्हिंटेज नोंदणीचे २०२१चे नियम पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी आहेत. आपल्या दोन्ही गाड्या त्या हिशेबाने अजून पोरसवदा आहेत.

पेट्रोलविषयी कोणी लिहिले नाही म्हणून विचारतो: तिकडे इथेनॉलचे प्रमाण किती आहे?

बर्मिंगहॅमकर

साध्या पेट्रोलमध्ये सप्टेंबर २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. बहुतेक पंपांवर महागड्या प्रतीचे पेट्रोल पाच टक्क्यांचे मिळते. मी तेच भरतो आणि होज एकदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे करून घेतले आहेत. एक्सजे६ लिटरला सहा किलोमीटरच्या आसपास जाते, तेव्हा पंपावर हिशेब करत बसू नये.

श्टुटगार्टच्या ताईंनी माझ्या प्रेमाचा उल्लेख केला, तो मान्य आहे. आसनांविषयीचा त्यांचा मुद्दाही बरोबर आहे. माझ्या डब्ल्यू१२३मधून मी एका दिवसात बर्मिंगहॅम ते इन्व्हरनेस गेलो होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाकून बुटाचे बंद बांधू शकलो होतो. एक्सजे६ने मी तेवढे अंतर दोन दिवसांत विभागतो. पण संध्याकाळी गॅरेजचे दार लावण्याआधी मी मागे वळून पाहतो ते तिच्याकडे. जॅग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांनी १९६८ साली या गाडीचा जो आकार ठरवला त्यात नंतर छपराच्या रेषेवर पिनिनफारिना या इटालियन रचनाकार कंपनीचा हात फिरला, बाकी फारसे काही बदलावे असे कुणाला वाटले नाही. मर्सिडीजकडे मी असे कधी पाहिले नव्हते, आणि तिनेही कधी तशी अपेक्षा ठेवली नव्हती.

लेस्टरवासी

सर्वांचे मनापासून आभार. कळवण्यास तीन आठवडे लागले, कारण दोन्ही गाड्या पुन्हा नीट पाहिल्या.

मर्सिडीज थंड असताना लगेच सुरू झाली. अर्ध्या तासानंतरही तिने फारसा वेळ घेतला नाही, म्हणजे त्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. परंतु बाजूची पट्टी काढण्याची विनंती केल्यावर विक्रेते म्हणाले की क्लिपा तुटतील आणि त्या मिळत नाहीत. मी नव्या क्लिपांचे पैसे देऊ केले, तरी ते तयार झाले नाहीत. ताई, आपण सांगितल्याप्रमाणे मी चेहरा पाहिला.

जॅग्वारच्या मालकांनी, जे सत्तरीचे निवृत्त शिक्षक आहेत, मी विचारण्याआधीच गाडी रॅम्पवर चढवण्याची व्यवस्था करून ठेवली होती. चुंबक डाव्या मागच्या कमानीवर एका ठिकाणी निसटले. ते म्हणाले, "हो, तिथे २००६ साली काम केले आहे," आणि जाड फाइलमधून त्याचे बिल काढून दाखवले. त्याच फाइलमध्ये चार वर्षांपूर्वी मागच्या डिस्क बदलल्याचे बिल होते आणि शीतद्रवाच्या तारखा एका वहीत ओळीने लिहिलेल्या होत्या. मर्सिडीज कदाचित अधिक चांगली गाडी असेलही. तिच्या पट्टीमागे काय आहे ते मला कळले नाही. मी फाइल असलेली गाडी घेतली. काल ती घरी आली आणि आज सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा पहिला डागही पडला.

आता एकच प्रश्न. माझ्याकडचे सगळे पाने मिलिमीटरचे आहेत. सुरुवातीला इंची मापांपैकी कोणते घ्यावेत?

बर्मिंगहॅमकर

अभिनंदन! सात सोळांश, अर्धा आणि नऊ सोळांश, या तीन मापांवर निम्मी गाडी उघडते. माझ्याकडे एक जादा संच पडून आहे, विकत घेऊ नका. येत्या शनिवारी गाडी घेऊन इकडे या, टाक्यांच्या नळ्या दोघे मिळून साफ करू. अंगावर जुने कपडे असू द्या आणि तार मी काढून ठेवतो.